मदत हवी आहे: आईचं आजारपण काढणारी मैत्रीण आता मदत नको म्हणतेय

आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. सध्या चौघींच्याही घरी एकदमच काही ना काही मोठं चाललंय. एकीने बाळ दत्तक घेतलंय, अजून वर्षाचंही नाही. दुसरीच्या मुलीचं लग्न ठरलंय. माझा मुलगा पहिल्या नोकरीसाठी घराबाहेर पडतोय. चौथीला इथे सखी म्हणते. तिच्या आईला डिमेन्शिया आहे आणि बघणारी ती एकटीच.

काकूंचं निदान झाल्यापासून आम्ही कामं वाटून घेतली. शनिवारी दुपारी मी काकूंजवळ बसते, म्हणजे सखीला झोपता येईल किंवा बाहेर जाता येईल. लग्नवाली डॉक्टरांकडे नेण्या-आणण्याचं बघते. बाळवाली घरबसल्या औषधं मागवते, विम्याचे कागद भरते. बराच काळ हे नीट चाललं.

आता सखीने लिहिलंय, "हे थांबवूया. मी तुमच्यापैकी कुणाच्याच उपयोगी पडत नाही. नुसतं घेत राहणं मला जमत नाही." शनिवारी मी गेले तर ती झोपत नाही. घर आवरून ठेवते, माझ्यासमोर बसून राहते, निघताना दारापर्यंत येऊन चारचारदा आभार मानते. आमच्यात हे कधीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला खुपतेय. लग्नाच्या गप्पांसाठी आमचा तिघींचा वेगळा ग्रुप झालाय. बाकी दोघींचं म्हणणं, तिला येता येणार नाही, मग ऐकवून त्रास कशाला द्यायचा? मला ते पटत नाही. त्या मुलीला सखीने लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलंय.

तर विचारायचंय असं, की मदत चालू ठेवायची पण तिला ओझं वाटणार नाही असं कसं करायचं? आणि ज्या माणसाला घराबाहेर पडताच येत नाही, त्याला आपल्या आनंदात कसं घ्यायचं? ज्यांनी असं आजारपण काढलंय त्यांनी जरूर लिहा.

दुसरीपाळी:
मी वडिलांचं सगळं केलंय, म्हणून लिहिते. मला मदत नको होती असं नाही. मला आभार मानण्याचा थकवा आला होता. कुणी आलं की हसायचं, बाबांची खबर द्यायची, "तू किती करतेस गं" हे ऐकायचं आणि जाताना पुन्हा आभार. माणूस गेलं की मी आधीपेक्षा जास्त दमलेली असायचे.

एक मैत्रीण मात्र स्वतःचं ऑफिसचं काम घेऊन यायची. बाबांच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची, माझ्याकडे बघायचीही नाही. तिच्यासमोर मी गाढ झोपायचे. दुसरी रोज फोन करून नणंदेबद्दल कुरकुर करायची. लोकांना वाटे, हिला काही पोच नाही. पण दिवसभरात तेवढाच वेळ मी रुग्णाची मुलगी नसायचे, कुणीतरी माझा सल्ला मागत असायचं. तो वेगळा ग्रुप आजच बंद करा. तिला कळणार आहेच, आणि ते बाहेरून कळलं तर फार लागेल.

पानगळ:
याला धरून दोन अभ्यास आठवले. 2000 साली मानसशास्त्रज्ञ नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी काही जोडप्यांकडून रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. जोडप्यातला एक जण न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेची तयारी करत होता. जोडीदार म्हणतोय की मी आधार दिला, पण परीक्षा देणाऱ्याच्या नोंदीत त्याचा उल्लेखच नाही, असा न जाणवलेला आधार सर्वांत उपयोगी ठरला. आधार मिळतोय हे जाणवलं की कधी कधी आपण कमी पडतोय हेही जाणवतं. तुमच्या सखीचं वाक्य जवळजवळ हेच सांगतंय.

दुसरा मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांचा, 2004 चा. चांगली बातमी कुणाला तरी सांगितली की त्या दिवशीचा आनंद मूळ घटनेच्याही वर वाढतो, आणि ऐकणारा मनापासून रस घेत असेल तर नातं घट्ट होतं. यातलं बरंचसं काम जोडप्यांवरचं आहे, मैत्रिणींना जसंच्या तसं लावू नये. तरी माझं मत असं की तुम्ही बातम्या लपवून सखीला जपत नाही आहात. तिच्याकडे देण्यासारखं जे उरलंय तेच तुम्ही तिच्याकडून घेईनासे झाला आहात.

सरळरेघ:
मी जरा वेगळं लिहितो. तिने स्पष्ट शब्दांत नको म्हटलंय. मोठ्या माणसाच्या नकाराचा अर्थ आपण परस्पर लावू नये. कदाचित तिला घरात रोज कुणीतरी येणं नको असेल, आईची ती अवस्था कुणी बघू नये असं वाटत असेल. आधी थांबा, मग विचारा.

धागाकर्ती:
सरळरेघ, थांबणं मला धोक्याचं वाटतं, कारण तिथे दुसरं कुणीच नाही. पण विचारायला हवं हे मान्य. आम्ही तिघींनी आपसात ठरवून सगळं सुरू केलं होतं. काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं हे तिनेच सांगू दे.

रात्रपाळीची_सिस्टर:
मी अशा रुग्णांमध्ये काम करते. काकूंच्या बाजूनेही बघा. त्यांना तोच चेहरा, तीच वेळ, तीच खुर्ची लागते. तुमची शनिवार दुपार मोडू नका, ती त्यांच्या अंगवळणी पडलेली असणार. संध्याकाळी अशा रुग्णांची घालमेल वाढते, तेव्हा नवं माणूस पाठवू नका. एकच प्रश्न दहादा विचारला तर दहादा तितक्याच शांतपणे उत्तर द्या. "आत्ताच सांगितलं ना" म्हणू नका. गेलेल्या माणसाची चौकशी केली तर चूक दाखवून देऊ नका, त्या माणसाबद्दल बोलतं करा.

एक महत्त्वाचं. डिमेन्शिया सहसा हळूहळू वाढतो. काकू एक-दोन दिवसांत एकदम फार गोंधळल्या, भलत्याच गुंगीत गेल्या किंवा भास होऊ लागले, तर तो आजार वाढला असं समजून घरी बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध यानेही असं होतं आणि त्यावर उपचार असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि सखीकडे लक्ष ठेवा. सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे हे मोजायला झारिट नावाची 22 प्रश्नांची प्रश्नावली डॉक्टर वापरतात. पुढच्या भेटीत आईबरोबर तिचीही चौकशी करा म्हणून सांगा. झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं असं काही बोलली तर वाट बघू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सखीशी बोलणं झालं. तिला सरळ विचारलं की यातलं काय नको आहे. डॉक्टरांकडे नेणं हवंय, विम्याचे कागद हवेत, शनिवारही हवाय. पण शनिवारी मी तिच्याशी बोलायचं नाही आणि तिने आवरायचं नाही, असं ठरलं. पुढच्या वेळी मी माझं भरतकाम घेऊन जाणार आहे.

बोलता बोलता एक गोष्ट तिनेच काढली. काकू रात्री उठतात, त्यामुळे ती अडीच-तीनला जागी असते. बाळवालीही त्याच वेळी बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत असते. दोघी आता तेव्हा फोनवर बोलणार आहेत. बाळवाली गेले काही महिने किती एकटी पडली होती हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. सखीला मात्र पहिल्याच फोनवर सांगितलं.

लग्नाचा ग्रुप आता चौघींचा आहे. पत्रिकेचा मजकूर सखी लिहिणार, तिची भाषा आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे. पाहुण्यांना फोन करून कोण कधी येणार याची यादीही तिच्याकडे. ती थोडा वेळ रडली, मग लगेच पहिल्या मसुद्यातल्या चुका काढायला लागली.

आता शेवटचं विचारते. लग्नाच्या दिवशी काकूंना घेऊन यावं की घरी कुणाला बसवावं?

रात्रपाळीची_सिस्टर:
गर्दी, मोठा आवाज आणि अनोळखी जागा या तिन्ही गोष्टी त्यांना जड जातील. काकूंना घरीच राहू द्या. जी व्यक्ती बसणार आहे तिने आधीपासून शनिवारी तुमच्याबरोबर यायला सुरुवात करावी, म्हणजे त्या दिवशी चेहरा नवा राहणार नाही. एका कागदावर लिहून ठेवा: औषधांच्या वेळा, कशाने शांत होतात, कशाने चिडतात, बाथरूमला केव्हा न्यायचं, डॉक्टरांचा नंबर. सखीने मुख्य सोहळ्यापुरतं यावं आणि अंधार पडायच्या आत घरी परतावं. नवरा-नवरीला जमलं तर लग्नानंतर एखाद्या सकाळी ते काकूंना भेटून येऊ देत.

धागाकर्ती:
माझी धाकटी बहीण तयार आहे, या शनिवारपासूनच घेऊन जाते. तो कागद सखीकडूनच लिहून घेते.