दोन दिवस, दोन मुले आणि एक आजी: कोल्हापुरात काय दाखवावे?

नवखा कोल्हापूरकर (प्रश्न)

नमस्कार. बदलीमुळे आम्ही जूनमध्ये नाशिकहून कोल्हापुरात राहायला आलो. दिवाळीच्या सुटीत माझी बहीण, तिची दोन मुले आणि आमच्या आई दोन दिवसांसाठी येणार आहेत. अंबाबाईचे दर्शन आणि रंकाळ्यावरची भेळ ठरलेलीच आहे, त्यामुळे त्याविषयी काही विचारत नाही. उरलेल्या वेळात कोणती संग्रहालये, बागा किंवा ठिकाणे घ्यावीत, एवढाच प्रश्न आहे.

भाची अकरा वर्षांची असून चौथीत शिवचरित्र शिकल्यापासून तिला इतिहासाची गोडी लागली आहे. भाचा सहा वर्षांचा आहे आणि त्याला फक्त प्राणी हवे असतात. आईंचे गुडघे दुखतात, म्हणून चढ आणि जिने शक्यतो टाळायचे आहेत. मागे एका मोठ्या शहरातील संग्रहालयात आम्ही या मुलांना चार तास फिरवले होते. तिसऱ्या दालनात धाकट्याने फरशीवर बैठक मारली आणि नंतरची सगळी दालने मी त्याला कडेवर घेऊन पाहिली. तो प्रसंग पुन्हा यायला नको.

शुक्रवार पेठ

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. अनेक वर्षे शाळेच्या सहली नेल्यामुळे मुले कुठे कंटाळतात, याचा थोडा अंदाज आला आहे. माझी सूचना अशी, की सुरुवात नव्या राजवाड्यापासून न करता टाउन हॉलपासून करावी. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतील ही दगडी इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली आणि तीत आता शासकीय संग्रहालय आहे. कोल्हापूरकर तिच्यासमोरून रोज जातात आणि आत मात्र पाहुणे आले तरच शिरतात, हे मी स्वतःलाही धरून सांगतो आहे. संग्रहालय लहान असल्यामुळे तासाभरात पाहून होते आणि कोणी थकलेच तर बाहेर बागेत सावली आहे.

आत गेल्यावर भाचीला एकच वस्तू शोधायला सांगा: पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची मूर्ती. ती वीतभरही उंच नाही, त्यामुळे सापडायला वेळ लागेल आणि तेच चांगले आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या वस्तूंपैकी ती एक आहे. तेथे १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले, आणि सातवाहनांच्या काळात या गावाचा व्यापार पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांमार्फत रोमपर्यंत पोहोचला होता, हे अशा वस्तूंवरून उमगले. समुद्राचा देव घाट चढून पंचगंगेच्या काठी कसा आला, एवढा प्रश्न मुलीला विचारा आणि उत्तराची घाई करू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘तो सुटीत आला असेल’ असे उत्तर दिले होते. धाकट्यासाठी त्याच ठिकाणचा काशाचा छोटा हत्ती आहे, ज्याच्या पाठीवर माणसे दाटीवाटीने बसली आहेत. आबालाल रहिमान यांची चित्रेही तेथे आहेत. ती आपण आणि आपल्या बहिणीने मुले बागेत खेळत असताना आळीपाळीने पाहावीत.

राजारामपुरीची आई

गुरुजींचे म्हणणे मान्य आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला काशाच्या हत्तीवर फार वेळ थोपवता येणार नाही. त्याला त्याच दिवशी नव्या राजवाड्यात न्यावेच लागेल. तेथील छत्रपती शहाजी संग्रहालयात वाघ, बिबटे, अस्वले, रानगवे अशी पेंढा भरलेली जनावरे आहेत. माझा मुलगा त्या वयाचा असताना ती पाहून आधी माझ्यामागे लपला आणि मग ‘यांना कोणी मारले?’ असे दर दोन मिनिटांनी विचारत राहिला. आपण उत्तर तयार ठेवून जावे. मी त्याला शिकारीचा काळ वेगळा होता असे सांगितले, पण त्याने त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

भाचीने दरबार हॉलमधील रंगीत काचा निवांत पाहाव्यात, कारण त्यांवर शिवरायांच्या जीवनातील प्रसंग आहेत. चौथीचे पुस्तक आठवत आठवत ती एकेक प्रसंग ओळखत गेली, तर मोठ्यांनी मध्ये बोलू नये. संग्रहालय तळमजल्यावर असल्यामुळे आपल्या आईंना मोठे जिने चढावे लागणार नाहीत. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, हे मुलांना दारातच सांगा. बाहेर हरणे आणि पक्षी आहेत. जिवंत जनावरे पाहून धाकट्याचा जीव बहुधा भांड्यात पडेल.

शुक्रवार पेठ

एक भर घालतो. टाउन हॉल आणि नवा राजवाडा या दोन्ही इमारती मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिल्या. राजवाड्याचे काम १८७७ मध्ये सुरू होऊन १८८४ मध्ये संपले. मँट १८८१ मध्येच वारले, म्हणजे पुरा झालेला राजवाडा त्यांनी पाहिलाच नाही. काळा दगड दोन्हीकडे आहे, पण टाउन हॉल सरळसरळ विलायती गॉथिक वळणाचा आहे, तर राजवाड्यात घुमट, कमानी आणि घड्याळाचा अष्टकोनी मनोरा एकत्र नांदतात. एका दिवसात दोन्ही पाहिल्यास हा फरक मुलीला न सांगता दिसेल.

गडकरी मावळा

दुसऱ्या दिवसाचे कोणीच बोलत नाही. शिवचरित्राची आवड असलेल्या मुलीला कोल्हापुरात आणून पन्हाळा दाखवला नाही, तर ती मामाला माफ करणार नाही. गड शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि वाहन थेट वर जाते. १६६० मध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला तो हाच गड, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले आले, त्यांतही तो आहे. अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्याची कोठारे पाहिल्यावर वेढ्यात महिनोन् महिने गड कसा तग धरतो, हे पुस्तकापेक्षा लवकर समजते.

राजारामपुरीची आई

वाहन वर जाते हे खरे, पण तीन दरवाजा, अंधारबाव आणि सज्जाकोठी उतरून चालतच पाहावी लागतात आणि तेथे पायऱ्याही आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजींना तबक उद्यानात बसवून बाकीच्यांनी गड पाहायचा, याला मी सहल म्हणणार नाही. त्यापेक्षा पुणे-बंगळूर महामार्गावरून कणेरी मठ गाठावा. तेथील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदारांसह जुने गाव माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे: कुंभाराचे चाक, लोहाराचा भाता, मोटेवरचे बैल. चालणे तेथेही बरेच आहे, पण वाट सोपी आहे आणि मुख्य म्हणजे तेथे समजावून सांगण्याचे काम आजींकडे जाते. माझ्या सासूबाई एरवी दहा पावलांवर टेकतात. तेथे मात्र ‘आमच्या वाड्यात अशीच उखळ होती’ म्हणत त्या आमच्या पुढे चालत होत्या.

नवखा कोल्हापूरकर

सर्वांचे आभार. पहिला दिवस ठरला: सकाळी टाउन हॉल, नंतर राजवाडा. दुसऱ्या दिवशी आई, बहीण आणि भाचा कणेरीला जातील आणि मी भाचीला घेऊन पहाटेच पन्हाळ्यावर जाईन, असा तोडगा घरी निघाला आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी रंकाळ्याआधी तासभर उरतो. तेवढ्यात जवळपास काही पाहता येईल का?

शुक्रवार पेठ

खासबाग मैदान पाहा. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले हे कुस्तीचे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील प्राचीन रंगभूमी पाहून महाराजांना ही कल्पना सुचली, असे येथे सांगितले जाते. आखाडा मध्यभागी खोलगट असल्यामुळे शेवटच्या रांगेतूनही कुस्ती दिसते. सकाळी रोमची मूर्ती पाहिलेल्या मुलीला संध्याकाळी हे मैदान दाखवण्यात मला विशेष औचित्य वाटते. आईंनी वरच्या कडेलाच थांबावे, खाली उतरू नये. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाले. त्याविषयी मुलांनी विचारलेच तर सांगावे, आपणहून विषय काढू नये.

आणि एक राहिले: टाउन हॉलचे संग्रहालय सोमवारी बंद असते. आपला पहिला दिवस कोणता वार आहे, ते आधी कळवा.

नवखा कोल्हापूरकर

सोमवारच आहे. दोन्ही दिवसांची अदलाबदल करतो.