मदत हवी आहे: बॅचच्या कुटुंब-पुस्तिकेत फोटोंचा आकार टिकत नाही

कॉलेजच्या बॅचची पुस्तिका करतोय. कोण कुठे आहे, कुणाकडे बाळ आलं, कुणाची मुलं कॉलेजात गेली, असं सगळं. ए-५ च्या एका पानावर एक कुटुंब. माहिती गूगल फॉर्मवरून शीटमध्ये येते आणि तिथून वर्डच्या मेल मर्जने (शीटच्या प्रत्येक ओळीचं एक पान आपोआप भरतं) पुस्तिकेत जाते. मुलांची संख्या घरोघरी वेगळी, म्हणून प्रत्येक मूल वेगळ्या शीटवर वेगळ्या ओळीत घेतलं आणि फिल्टर व टेक्स्टजॉइन ही शीटची सूत्रं वापरून पालकांच्या ओळीत एकाच सेलमध्ये आणलं. ते छान चाललंय. तारखा अमेरिकन पद्धतीने उलट्या येत होत्या, त्या वर्डच्या फील्ड कोडमध्ये (शीटमधली माहिती जिथे भरली जाते त्या जागेचा कोड) स्विच, म्हणजे तारखेचा क्रम सांगणारी खूण, घालून सरळ केल्या.

अडलंय फोटोंवर. वर्डमध्ये फाइलमधून फोटो आणणारं इन्क्लूडपिक्चर फील्ड आहे, फाइलच्या पाथमध्ये (पत्त्यात) दुहेरी बॅकस्लॅश आहेत. मर्ज झाल्यावर सगळं निवडून एफ-९ (फील्ड ताजी करण्याची की) दाबलं की योग्य फोटो येतात, पण मूळ आकारात. मोबाइलचा उभा फोटो अख्खं पान खातो आणि खालची मुलांची नावं पुढच्या पानावर जातात. टेबलचा सेल ठरावीक रुंदीचा करून, ऑटोफिट बंद करूनही फरक नाही.

विकतचं सॉफ्टवेअर नको, कारण पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी हे काम घेईल. एफ-९ नंतरही फोटो ६ सेंमी रुंदीतच राहावा यासाठी फील्डमध्ये काही करता येतं, की सगळे फोटो आधीच एका मापात कापून घ्यावेत?