म्हातारा बिअर्डेड ड्रॅगन अचानक गेला. पोस्टमॉर्टेम करून घ्यावं का?

सावली:
आमचा बंडू आज सकाळी गेला. बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा), नर, वय 11.

काल संध्याकाळपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. भाजी खाल्ली, दिव्याखालच्या दगडावर पोट टेकून, तोंड जरासं उघडं ठेवून ऊब घेत बसला होता. सकाळी टायमरने दिवा लागला तरी तो हलला नाही. उचलला तर मान लुळी आणि दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) काळीकुट्ट.

वय झालं होतं, कळतंय मला. पायांत पूर्वीचा जोर नव्हता, म्हणून उंच फांदी काढून हा बुटका दगड ठेवला होता. पण खाणं सुटलं असतं, चार दिवस मलूल पडला असता, तर मनाने काहीतरी धरून ठेवलं असतं. हे असं एका रात्रीत?

चिडला किंवा दुखलं की त्याची दाढी काळी व्हायची. म्हणजे जाताना त्रास झाला का त्याला? हेच डोक्यातून जात नाहीये. दुसरं म्हणजे, नवरा म्हणतो चिरफाड नको, शांतपणे पुरू या. मला मात्र कारण हवंय. कुणी करून घेतलंय का?

निवांत:
सावली, फार वाईट वाटलं वाचून.

आधी घाईचं सांगते. पिशवीत घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब (अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, हात साबणाने धुवा). फ्रीजरमध्ये अजिबात नको, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणीत नीट काही दिसत नाही. होईल तितक्या लवकर, शक्यतो एका दिवसाच्या आत, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. गेलाय याची खात्रीही त्यांच्याकडूनच करून घ्या. तुम्हाला खोटी आशा लावत नाहीये, पण अंग थंड असलं की या प्राण्यांचे ठोके आणि श्वास इतके मंदावतात की आपल्या हाताला कळत नाहीत.

दाढीचं मनाला लावून घेऊ नका. गेल्यानंतरही ती काळी दिसते, बऱ्याच जणांनी पाहिलंय. त्यावरून वेदना झाल्या असं म्हणता येत नाही.

माझ्या मादीचं पोस्टमॉर्टेम केलं होतं. मूत्रपिंडांवर आणि हृदयाच्या आवरणावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर निघाला. गाऊट. मूत्रपिंडं थकली की युरिक ॲसिड असं अवयवांवर साचतं. आणि आदल्याच दिवशी तिने चवीने झुरळं खाल्ली होती! रानात जो अशक्त दिसतो त्याचा आधी फडशा पडतो, म्हणून हे प्राणी आजारपण शेवटपर्यंत अंगावर दिसू देत नाहीत. अहवाल वाचून मी खूप रडले, पण रोज रात्री तेच ते आठवत बसणं थांबलं. कधी कधी काहीच सापडत नाही, तेवढी तयारी ठेवा.

कौलारू:
शव परत हवं असेल तर नेतानाच सांगा, म्हणजे नंतर पुरता येईल. यजमानांचंही मन राहील.

आमची लेपर्ड गेको गेली तेव्हा ऑफिसात कुणाला सांगितलंच नाही. ‘पालच ना’ हे ऐकायची ताकद नव्हती. तुम्ही इथे लिहिलंत ते बरं केलंत.

सावली:
दोघांचे मनापासून आभार. नेऊन आले. डॉक्टरांनी छातीवर डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) लावून बराच वेळ ऐकलं, काही नव्हतं. मग तपासणी केली. यकृतात मोठी गाठ होती, ती फुटून पोटात रक्तस्राव झालेला. म्हणाल्या, फार वेळ लागला नसावा. नमुने प्रयोगशाळेत गेलेत.

नवरा सोबत आला होता. संध्याकाळी दोघांनी मिळून पुरलं. टायमरचा प्लग त्याने आधीच काढून ठेवला होता, मला तो दिवा पुन्हा लागलेला बघवला नसता.

एका ओळखीच्या मुलीला तिच्या प्राण्यासाठी बंडूची काचेची टाकी हवी आहे. देऊ का?

निवांत:
प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबा. गाठीसोबत एखादा संसर्ग निघाला, तर दुसऱ्या प्राण्याला धोका नको. लाकडं, फांद्या देऊच नका, ती पूर्ण निर्जंतुक होत नाहीत. काच आणि दगड स्वच्छ करता येतात. यूव्हीबी ट्यूब (या प्राण्यांना लागणारे अतिनील किरण देणारा दिवा) तिला नवीन घ्यायला सांगा. जुनी पेटते, उजेडही तेवढाच दिसतो, पण 6 ते 12 महिन्यांत तिचा यूव्हीबी बराच उतरलेला असतो.