रेड बॅरन किट: आधी खरी गाडी झाली की आधी प्लास्टिकची?

टिळकवाडी_कट्टा
नमस्कार मंडळी. मामा जहाजावर नोकरीला होते, त्यांच्या ट्रंकेत मॉडेल किटचा एक बॉक्स सापडलाय, मोनोग्राम कंपनीचा रेड बॅरन. लालभडक हॉट रॉड (म्हणजे जुन्या मोटारीला दणकट इंजिन लावून केलेली उघडी गाडी) आणि छप्पर म्हणून चक्क जर्मन सैनिकाचं हेल्मेट! पुढं मशिनगन, आणि इंजिन बघितलं तर मोटारीचं वाटतच नाही, सहा सिलिंडर एका ओळीत, विमानाचं असल्यासारखं. पार्ट सगळे अजून झाडावरच (म्हणजे पार्ट ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर) आहेत, एकही तोडलेला नाही. पोरगं आठवीत आहे ते विचारालंय की बाबा ही गाडी खरी कुठं होती का, का कंपनीनं मनानंच काढली. नेटवर बघितलं तर खऱ्या गाडीचे पण फोटो दिसालेत, मग आधी कुठली झाली? आणि मुळात असल्या गाड्या कुणाला सुचत होत्या, कोण बसून काढत होतं, कुणाला माहिती असेल तर जरा सविस्तर लिहा की. विकायचा नाहीये, पोराबरोबर जोडायचाय, पण जोडायच्या आधी हातात काय आहे ते कळलं पाहिजे असं वाटतं.

शहापूर_स्केलमॉडेल
भाऊ, रेड बॅरनच्या बाबतीत आधी प्लास्टिकची! टॉम डॅनियल नावाच्या डिझायनरनं ती कागदावर काढली, मोनोग्रामनं १९६८ मध्ये १/२४ स्केलचं (खऱ्या मापाच्या चोविसाव्या भागाचं) किट बाजारात आणलं आणि ते इतकं खपलं की अमेरिकेत गाड्यांची प्रदर्शनं भरवणारे बॉब लारिव्ही यांनी डेट्रॉइटच्या चक मिलरकडून खरी गाडी बांधून घेतली, १९६९ मध्ये. तुम्ही फोटोत बघितली ती हीच. किटमध्ये पहिल्या महायुद्धातल्या विमानाचं मर्सिडीज इंजिन दाखवलंय, ते खऱ्या गाडीसाठी कुठनं आणणार, म्हणून मिलरनं पाँटियाक मोटारीचं सहा सिलिंडरचं ओव्हरहेड कॅम इंजिन बसवलं. म्हणजे खेळण्यावरून गाडी झाली, गाडीवरून खेळणं नाही. पोराला हे नक्की सांगा.

पण सुरुवातीपासून असं नव्हतं. आधी शो कार म्हणजे काय ते बघू. आपल्याकडं शिवजयंतीच्या मिरवणुकीत मंडळं चित्ररथ करतात ना, ट्रॅक्टर-ट्रॉली खाली असते पण लोक बघतात वरचा देखावा, तसंच हे, रोज चालवायला नाही तर हॉलमध्ये उभी करून तिकीट काढून आलेल्या लोकांनी बघावी म्हणून बांधलेली गाडी. आणि किटवाल्यांचं मूळ तर अजून वेगळं. एएमटी ही मिशिगनची कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली ती डीलरांना नवीन मोटारींची छोटी प्रमोशनल मॉडेलं पुरवायला. १९५८ मध्ये त्यांनी थ्री-इन-वन किट आणलं, एकाच बॉक्समधून गाडी कंपनीसारखी करा, कस्टम करा नाहीतर रेसची करा. पोरांच्या हातात फालतू वाटणारे जादा पार्ट आले आणि तिथंच सगळं फिरलं असं माझं मत आहे, कारण त्याच पार्टांमुळं गाडी आपल्या मनासारखी बदलता येते ही गोष्ट घराघरात पोचली.

मग आला एड रॉथ, बिग डॅडी. कॅलिफोर्नियातला, राक्षसांची चित्रं काढलेले टी-शर्ट विकायचा आणि गाड्या बांधायचा. त्याची पद्धत ऐका, प्लास्टरचा ढीग करायचा, त्याला तासून गाडीचा आकार आणायचा, त्यावर फायबरग्लास चढवायचं आणि मग आतलं प्लास्टर फोडून काढायचं. ना ड्रॉइंग ना काही. आउटलॉ अशीच झाली आणि रेव्हेल कंपनीनं तिचं किट १९६२ मध्ये काढलं. पुढच्याच वर्षी बीटनिक बँडिटचं. त्या गाडीला काचेच्या बुडबुड्यासारखं पारदर्शक छत आहे, ते प्लास्टिकचं शीट पिझ्झाच्या भट्टीत तापवून फुगवलेलं, आणि आत स्टिअरिंग नाही, एकच दांडा, त्यानंच वळवायची, पळवायची, थांबवायची. रेव्हेल रॉथला एका किटमागं १ सेंट द्यायची आणि १९६३ या एका वर्षात त्याला ३२ हजार डॉलर मिळाले. हिशेब तुम्हीच करा, ३२ लाख बॉक्स!

रॉथची मिस्टेरिऑन पण १९६३ लाच किट म्हणून आली. फोर्डची दोन इंजिनं शेजारी शेजारी, आणि पुढचा भाग मुद्दाम एका बाजूला जड, डावं-उजवं जुळतच नाही. खरी गाडी त्या वजनानं टिकली नाही, तिची चेसिसच दमली. नंतर लोकांनी तिची प्रतिकृती बांधायला घेतली तेव्हा जुने फोटो आणि रेव्हेलचं किट हाच आधार होता. म्हणून मी म्हणतो ही किटं नुसती खेळणी नाहीत, त्या गाड्यांचं दप्तर आहे.

निपाणीकर_अभी
लई भारी माहिती दादा! माझ्याकडं रेड बॅरन हॉट व्हील्समध्ये आहे, तळहातावर मावणारी. ती पण मोनोग्रामच्या किटवरूनच का? आणि एक शंका, रॉथच्या गाड्या त्यानं स्वतः हातानं बांधल्या, डॅनियलनं तर नुसती चित्रं काढली. मग मोठा डिझायनर कुणाला म्हणायचं? माझं मत रॉथच.

शहापूर_स्केलमॉडेल
होय अभी, हॉट व्हील्सची रेड बॅरन १९७० ची, पॅडी वॅगन पण त्याच वर्षीची, दोन्ही डॅनियलच्या. बीटनिक बँडिट तर हॉट व्हील्सच्या १९६८ च्या पहिल्या १६ गाड्यांतच होती.

रॉथबद्दल मला पण आदर आहे पण "नुसती चित्रं" असं म्हणू नको. डॅनियल लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटरमध्ये शिकलेला, जनरल मोटर्सच्या स्टायलिंग विभागात काम केलेला, आणि रॉड अँड कस्टम मासिकात त्याचं 'ऑफ द स्केचपॅड' हे सदर यायचं. त्याच्या आधी मोनोग्राम पण दुसऱ्यांच्या खऱ्या गाड्यांवरच किट काढत होती, डॅरिल स्टारबर्डच्या बुडबुडा छताच्या गाड्या, मग १९६६ मध्ये स्टीव्ह स्कॉटची अनसर्टन टी, जिची बॉडी अशी तिरकी की व्यंगचित्रातनं उतरल्यासारखी. डॅनियल आल्यावर खऱ्या गाडीची वाट बघायची गरजच उरली नाही. १९६७ ची बिअर वॅगन बघ, जुना मॅक ट्रक आणि मागं पिंपं. मग टिहुआना टॅक्सी, पोलिसांची पॅडी वॅगन, कचऱ्याची गाडी, शाळेची बस, बर्फवाल्याची गाडी. त्याची युक्ती कळाली का, प्रत्येक वेळी लोकांच्या ओळखीची, कामाला जुंपलेली गाडी घ्यायची आणि तिला हॉट रॉडचं इंजिन, जाडी मागची चाकं आणि एक खटकेबाज नाव द्यायचं. दुकानात फळीवर बॉक्स दिसला की पोराला दोन सेकंदांत सगळी गोष्ट समजली पाहिजे. हे डिझाइनच आहे, आणि अवघड डिझाइन आहे.

उद्यमबाग_पॅटर्नशॉप
मी मॉडेलवाला नाही, पण माझी उभी हयात पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) आणि डाय (पोलादी साचा) करण्यात गेली त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही. अभी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर साच्यात आहे बघ.

त्या काळी कॉम्प्युटर नाही, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशिनं नाहीत. डिझायनरच्या चित्रावरून आधी लाकडाचं पॅटर्न करायचे, ते शेवटच्या पार्टपेक्षा दुप्पट किंवा त्याहून मोठं, म्हणजे बारकावे हातानं कोरता यावेत. त्याच्यावरून इपॉक्सीचा उलटा साचा, आणि तो पँटोग्राफ मशिनला लावायचा. एका टोकाला टोचणी त्या साच्यावरून फिरते, दुसऱ्या टोकाला कटर तेवढीच हालचाल लहान करून पोलादाच्या ठोकळ्यात कोरतो. पॅटर्न मोठं असल्यामुळं हाताची चूक पण तेवढ्याच पटीत लहान होऊन उतरते. त्यानंतर पॉलिश, तासन्‌तास. आपल्याकडं बीडाच्या कास्टिंगला आम्ही साधारण १ टक्का आकुंचन धरतो, पॉलिस्टायरीनला त्याच्या निम्मंच, पण धरावं लागतंच, नाहीतर इंजिनाचे दोन अर्धे जुळणार नाहीत.

आता खरा मुद्दा. डाय उघडताना पार्ट सरळ बाहेर आला पाहिजे. म्हणून प्रत्येक उभ्या भिंतीला थोडा उतार द्यावा लागतो, आम्ही ड्राफ्ट म्हणतो. आणि कुठं आत वळलेला भाग असला की तो अडकतो, मग बाजूनं सरकणारे स्लाइड घालायचे, डायचा खर्च वाढला. बंद सेडान मोटारीची अख्खी बॉडी एका तुकड्यात काढायची तर स्लाइडशिवाय भागत नाही. हॉट रॉडचं उलट, मडगार्ड नाहीत, बॉनेट नाही, इंजिन उघडं, चाकं बाहेर, सगळंच सुटं सुटं. डायवाल्याला ही गाडी म्हणजे पर्वणी. आणि ते हेल्मेट बघा, खाली तोंड उघडं, वर गोल निमुळतं होत गेलेलं, ड्राफ्ट आपोआप मिळतो! ज्यानं हे काढलं त्याला चित्राबरोबर डाय पण डोळ्यांसमोर दिसत असणार. रॉथ प्लास्टर फोडून आकार काढू शकत होता, कारण त्याला एकच नग पाहिजे होता. कारखान्याला लाखो नग काढायचे असतात, प्रत्येक शॉटला, म्हणजे डायमध्ये प्लास्टिक भरलं की दर वेळी, पार्ट न अडकता निघाला पाहिजे. माझ्या लेखी डॅनियल म्हणूनच मोठा.

कट्टा भाऊ, तुमच्या बॉक्समधली बॉडी हातात घ्या, उलटी करा आणि उजेडात तिरकी धरा. आतल्या बाजूला बारीक गोल ठसे दिसतील, ते इजेक्टर पिनचे, म्हणजे पार्ट डायमधून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे. डिझायनरनं आणि डायवाल्यानं बसून ठरवलेलं असतं की हे ठसे कुठं लपवायचे. आणि कडेनं केसासारखी एक रेघ फिरलेली असेल ती पार्टिंग लाइन, डायचे दोन भाग तिथं मिटतात. ती रेघ तासण्याआधी पोराला दाखवा.

टिळकवाडी_कट्टा
काका, दिसले ठसे! पोरगं भिंग घेऊन बसलंय आता, प्रत्येक पार्ट कुठल्या बाजूनं बाहेर आला असेल ते सांगालंय आणि बरोबर सांगालंय. चकचकीत पार्ट वेगळ्याच झाडावर आहेत ते का ओ? आणि चेसिसच्या खाली साल कोरलंय, म्हणजे किट त्याच सालचं समजायचं का?

उद्यमबाग_पॅटर्नशॉप
चकचकीत पार्ट आधी साध्या प्लास्टिकचेच असतात. अख्खं झाड लाखेसारखा एक थर देऊन निर्वात चेंबरमध्ये टांगायचं, आत ॲल्युमिनियमची वाफ करायची, ती वाफ पार्टांवर बसते, वरनं पुन्हा एक पारदर्शक थर. म्हणून ज्या पार्टांना ते द्यायचंय ते सगळे एका झाडावर घेतात. हा निर्णय पण डिझाइन करतानाच व्हायचा. जोडताना जिथं गोंद लागणार तेवढी जागा ब्लेडनं खरवडा, वरच्या थरावर प्लास्टिकचा गोंद धरत नाही.

शहापूर_स्केलमॉडेल
सालाबद्दल मी सांगतो. कोरलेलं साल डायचं असतं, किटचं नाही. डाय एकदा झाली की कंपनी तीच वर्षानुवर्षं चालवते, नुसता बॉक्स आणि प्लास्टिकचा रंग बदलून. डॅनियलनं १९७० च्या दशकाच्या मध्यावर मोनोग्राम सोडली. १९७३ च्या तेलटंचाईनं प्लास्टिक महागलं होतं आणि पोरांचं लक्ष पण दुसरीकडं गेलं, असल्या गाड्यांची लाट ओसरली. पण पोलाद कुठं जातंय? १९८६ मध्ये रेव्हेल आणि मोनोग्राम एकाच मालकाकडं आल्या, २०१८ मध्ये त्यांच्या मालक कंपनीचं दिवाळं निघालं आणि जुन्या डायांपैकी बऱ्याच न्यू यॉर्कच्या अटलांटिस कंपनीनं घेतल्या. एएमटी आणि एमपीसी (ही पण किटचीच कंपनी) यांच्या डाया आज राउंड टू कंपनीकडं आहेत. त्यामुळं साल बघू नका, बॉक्सवर फक्त मोनोग्राम लिहिलंय की रेव्हेलचं पण नाव आहे ते बघा. दोन्ही नावं एकत्र असली तर १९८६ नंतरचा छाप.

टिळकवाडी_कट्टा
फक्त मोनोग्राम आहे! रेव्हेलचं नाव कुठंच नाही. जोडायला घेऊ का मग, का तसाच ठेवू?

निपाणीकर_अभी
जोडा की! पोरगं आठवीत आहे तोपर्यंतच जोडून घ्या.

शहापूर_स्केलमॉडेल
जोडा, माझं पण तेच मत. फक्त दोन गोष्टी आधी करा. जुनी व्हिनाइलची टायरं प्लास्टिकच्या पार्टांना चिकटून राहिली की त्यातलं रसायन हळूहळू उतरतं आणि पार्ट वितळल्यासारखे खड्डे पडतात, तेव्हा टायरं आजच वेगळ्या पिशवीत काढा, आणि जोडताना रिम आणि टायरच्या मध्ये चांगला वाळलेला रंगाचा थर राहू दे. दुसरं, डेकलचा (पाण्यात भिजवून पार्टवर चिकटवायच्या चित्रांचा) कागद. आधी स्कॅन करून ठेवा. पिवळा पडला असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतनं टेपनं चिकटवा, काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. जून लागायच्या आत करा, एकदा पाऊस धरला की बेळगावात ऊन कुठलं मिळतंय. मग कोपऱ्यातला एखादा बिनकामाचा डेकल कापून पाण्यात टाकून बघा, तुकडे झाले तर बाकीच्यांवर क्लिअर वार्निशचा पातळ हात मारून, वाळवून, मग वापरा.