अनुभव धागा: कट्ट्यावरची जागतिक भांडणं (सातारा-सांगली)

आपल्याकडे अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर बोलायला पदवी लागत नाही. डेअरीवर दूध घालायला आलेला माणूस फॅट लागेपर्यंत नाटोचा निकाल लावून मोकळा होतो. हौसेची भांडणं नकोत. पाश्चात्त्य देशांच्या एखाद्या निर्णयाचा धक्का तुमच्या घराला, रानाला, नोकरीला लागला आणि त्यावरून वाद पेटला असेल, तर तो लिहा. कोण बरोबर, हे इथं ठरवायचं नाही. (तरी ठरवालच.)

तासगावकर

जानेवारी २०२४. एक्स्पोर्टची द्राक्षं तयार, आणि तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे गाझा युद्धावरून जहाजांवर हल्ले. न्हावा-शेवाहून सुएझमार्गे रॉटरडॅमला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दोन आठवडे जास्त, भाडं चढलेलं. तिकडचा गिऱ्हाईक मण्याआधी देठ बघतो. देठ हिरवा हवा. एवढ्या लांबच्या प्रवासात तो तपकिरी पडायची भीती, म्हणून व्यापाऱ्यानं दर आधीच पाडला.

पॅकहाऊसवर तुंबळ झालं. एक शेजारी म्हणाला, गाझातलं युद्ध थांबवायचं सोडून अमेरिका-ब्रिटन येमेनवर बॉम्ब टाकतायत, रस्ता सुरू होणार कसा? आमचे चुलते उसळले. "क्षेपणास्त्रं हुथी टाकतायत, माल आपला अडकलाय आणि शिव्या अमेरिकेला व्हय?"

चुलत्यांचं बरोबर होतं, पण अर्धंच. डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा परिषदेत गाझातल्या युद्धबंदीचा ठराव आला तेव्हा १३ देश बाजूनं होते, ब्रिटन तटस्थ, आणि अमेरिकेनं एकटीनं व्हेटो मारला. हे मी सांगितल्यावर चुलते म्हणाले, "मग त्या व्हेटोचं बिल आपल्या पेटीवर का फाडलं?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पेठभाग

सांगलीत बसून अमेरिकेला शिव्या द्यायला एवढं लांब कशाला जायचं? १९९५ मध्ये त्यांनी जखमेवर हळद लावायचं पेटंट दिलं होतं, ते पण मिसिसिपीतल्या विद्यापीठाला! आमच्या अडतीवर हा विषय निघाला की अजून हमालसुद्धा पोतं खाली ठेवून भांडतो.

तासगावकर

@पेठभाग, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं पुरावे दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द कुणी केलं? त्याच अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं. हमालाला हेही सांगा.

आजोळ आपशिंगे

जरा लांबेल, पण लिहितो.

आपशिंगे मिलिटरी हे गाव म्हणजे घरटी एक तरी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ जण कामी आले. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं भारताकडे इराकसाठी फौज मागितली, एक अख्खी डिव्हिजन, सतरा हजारांच्या आसपास जवान. दिल्लीत ती चर्चा असेल. आमच्या ओट्यावर मात्र कुणाचा पोरगा जाणार, हा प्रश्न होता.

मामा निवृत्त सुभेदार. त्यांचं म्हणणं, पाठवावी. "सोमालियाला गेलो, काँगोला गेलो, मग इराकलाच काय?" मामेभाऊ तेव्हा नोकरीत, सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, "तिथं युनोचा झेंडा होता, मामा... अहो दादा." (बापाला मामा म्हणाला, इतका तापला होता.) "इथं कुणाचा हाय? फेब्रुवारीत तो अमेरिकेचा मंत्री पॉवेल सुरक्षा परिषदेत इराकच्या हत्यारांची चित्रं दाखवून गेला. घावली का ती हत्यारं?"

मामा म्हणाले, "सद्दाम काय संत होता?"

तेवढ्यात थोरले आबा बोलले. ऐकायला कमी यायचं, पण इराक तेवढं ऐकू आलं असावं. "आमचं चुलतं बसऱ्याला गेलं हुतं. त्येंनाबी कुनी इचारलं न्हवतं."

मी पुढं वाचलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ तुर्कांनी इराकमधल्या कूतला वेढा घातला, आत अडकलेल्या इंग्रजांच्या फौजेत मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, फौज शरण गेली आणि कैदेत हजारो मेले. १९२० मध्ये इराकी लोक इंग्रजांविरुद्ध उठले, ते बंड मोडायलाही मुख्यतः हिंदी फौजच वापरली. इंग्रजांचं धोरण आणि बंदूक आपल्या खांद्यावर. आजच्या चर्चेत आपण स्वतःला नेहमी सोसणाऱ्यांच्या बाकावर बसवतो, ते मला म्हणून पटत नाही. बसऱ्याच्या माणसाला विचारलं तर तो आपल्याला कुठं बसवेल?

जुलैत वाजपेयी सरकारनं नकार कळवला. मामेभावानं कंदी पेढे आणले. मामांनी घेतला नाही.

कृष्णाकाठची आज्जी

आमच्या वेळचं सांगते. डिसेंबर ७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, तेव्हा त्यांच्या अध्यक्षाला, निक्सनला शिव्या दिल्या नाहीत असा माणूस गावात नव्हता. पुढच्याच वर्षी दुष्काळ. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. भाकरी थापताना तुटायची, कडांना भेगा पडायच्या. सासरे ताटावर बसून म्हणायचे, "निक्सनचं अन्न." सासूबाई म्हणायच्या, "मग उठा." उठले मात्र कधीच नाहीत.

मिरज-खार्किव

२४ फेब्रुवारी २०२२ ला मी खार्किवमध्ये होतो, मेडिकलला. हॉस्टेलचं तळघर, मोबाईलला चार्जिंग नाही, वर धडाडधूम. १ मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी तिथं तोफांच्या माऱ्यात गेला. मग गर्दीच्या रेल्वेनं पश्चिमेकडे, आणि सीमेवर रांग. रांगेत आधी युक्रेनची माणसं, मग आम्ही आणि आफ्रिकेतली पोरं. मानवाधिकारावर युरोपनं आम्हाला शिकवू नये, हे मी त्या थंडीत पक्कं केलंय.

घरी आलो तर थोरले काका वाटच बघत होते. जुने डावे. पाणी प्यायच्या आधी सुरू. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी, चेक नाटोत घेतले. २००८ ला बुखारेस्टमध्ये युक्रेन-जॉर्जियाला सदस्य करू म्हणून जाहीर केलं. रशियाला डिवचलं कुणी?

सगळं खरं. मी म्हणालो, "काका, १९९४ मध्ये युक्रेननं अण्वस्त्रं सोडली तेव्हा सीमेला हात लावणार नाही म्हणून सही रशियानंही केली होती. आणि माझ्या डोक्यावर पडत होते ते गोळे नाटोचे नव्हते." काका म्हणाले, "तू अजून धक्क्यात आहेस." आई म्हणाली, "त्याला आधी आंघोळ तरी करू द्या."

आता आम्ही दोघं रविवारी ठरवून भांडतो. गाझावर एकमत, युक्रेनवर नाही.

विटा ते कोईमतूर

आमचा गलाईचा धंदा. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. गावात आलो की मेहुणे चिडवतात, "दाजी, युद्ध झालं की तुमची दिवाळी."

अर्धवट माहिती. भाव वर गेला की जुन्या दागिन्यांची मोड येते, पण नवा दागिना घेणारा हात आखडतो आणि आमचं भांडवल अडकतं. माझा मुद्दा वेगळा आहे. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची ३०० अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी गोठवली. आज त्यांची, उद्या कुणाची, असा विचार सगळ्यांनीच केला असणार. त्या वर्षी जगातल्या मध्यवर्ती बँकांनी हजार टनांवर सोनं घेतलं, पुढची दोन वर्षंही दरवर्षी तेवढंच. मुशीसमोर उभं राहून मी हे रोज बघतोय.

मेहुणे म्हणतात, आक्रमण केलं तर पैसे गोठवणारच. बरं. मग २००३ ला इराकवर गेलेल्यांचे कुणी गोठवले?

मिरज-खार्किव

@विटा, गोठवायला हवे होते. आणि रशियाचे गोठवले तेही बरोबरच केलं.

विटा ते कोईमतूर

मग गोठवणार कोण, ते सांगा. बँक त्यांची, चलन त्यांचं.

आजोळ आपशिंगे

मामांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचा निरोप: सोमालियात तुमच्यापैकी कुणी नव्हतं, तेव्हा युनोच्या झेंड्याचं कौतुक जरा बेतानं करा. सविस्तर सांगणार आहेत, टाइप मी करीन.