इंग्रजी स्पेलिंग आणि आपला मराठी कान

'सँडविच'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'टी' नाही. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत कितीतरी गाड्यांवर तो रंगवलेला दिसतो, आणि मग शब्दाचा शेवटचा भाग चेटकिणीसाठी असलेल्या 'विच'सारखा होतो. चूक कुठून येते ते उघड आहे. मॅच, कॅच, स्विच, किचन या सगळ्यांत 'च'च्या आधी टी असतो, म्हणून हात सवयीने तो घालतो. पण सँडविच हे मुळात इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका गावाचं नाव. त्या नावाची सरदारकी असलेल्या जॉन माँटेग्यूवरून, म्हणजे चौथ्या अर्ल ऑफ सँडविचवरून, पदार्थाला ते मिळालं. 1762 मध्ये एडवर्ड गिबनने रोजनिशीत या पदार्थाचा उल्लेख केला आहे, आणि तो सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांपैकी मानला जातो. ग्रीनिच आणि नॉर्विच या गावांची स्पेलिंगंही अशीच टीशिवाय संपतात.

अशा पाट्यांचे फोटो काढून हसणारे पुष्कळ आहेत. मला त्या हसण्याचा त्रास होतो. पाटी रंगवणाऱ्याला कुणी कारण सांगितलेलं नसतं, फक्त 'चूक' एवढाच शिक्का मिळतो. आपल्या बऱ्याचशा चुका आळसातून येत नाहीत. त्या मराठी कानातून येतात, आणि कानाचं गणित कळलं की चूक सुटायला वेळ लागत नाही.

सर्वांत जास्त चिडचिड होणारी जोडी घ्या: हरवणे या अर्थाचा एका 'ओ'चा शब्द आणि सैल या अर्थाचा दोन 'ओ'चा. 'आय डोन्ट वॉन्ट टू लूज यू' असं लिहिताना दोन ओ पडले की वाचणारा अस्वस्थ होतो. आपण मराठीत बोलतो कसं ते पाहा. नट लूज झाला, लूज कनेक्शन, लूज मोशन. शेवटी 'ज'. खऱ्या इंग्रजी उच्चारात सैल या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी 'स' आहे, तो 'ज्यूस'शी यमक जुळवतो. 'झ'सारखा आवाज फक्त हरवणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. म्हणजे दोन वेगळे आवाज आपण एकाच 'लूज'मध्ये मिसळले. कानाला फरक राहिला नाही, मग हाताला कुठून राहणार? मुलांना मी असं सांगते: नट 'लूस' झाला असं आठ दिवस मुद्दाम म्हणा, ज्यूससारखं. दोन ओ आपोआप त्याच्याकडे जातात. इंग्रजीचाही इथे दोष आहे, कारण 'चूज' या क्रियापदात आवाज 'झ'चा असूनही ओ दोन आहेत. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही या जोडीत नेहमी अडखळतात.

'अ‍ॅडव्हाइस'चं दुखणं हेच. नाम असेल तर शेवटी 'स'चा आवाज आणि लिहिताना सी, क्रियापद असेल तर 'झ'चा आवाज आणि लिहिताना एस. 'प्लीज अ‍ॅडव्हाइस' असं सी घालून लिहिलेली ईमेल मुंबईतल्या प्रत्येक ऑफिसात रोज फिरते. 'प्रॅक्टिस'मध्येही ब्रिटिश पद्धतीत नामाला सी आणि क्रियापदाला एस असतो, पण तिथे उच्चार एकच असल्याने कानाची मदत मिळत नाही. अमेरिकेत दोन्हीला सीच चालतो, त्यामुळे त्यावर भांडू नये.

आता 'व'. हा प्रश्न मला सर्वांत गोड वाटतो, कारण त्याचं उत्तर लोकलच्या नकाशातच आहे. विक्रोळी, विरार, विलेपार्ले, विद्याविहार इंग्रजीत व्हीने लिहिली जातात, वडाळा डब्ल्यूने. स्टेशनं सोडून पाहिलं तर वरळी आणि वाळकेश्वरही डब्ल्यूने, वर्सोवा मात्र व्हीने. मराठीत अक्षर एकच, आवाजही एकच. नीट पाहिलं तर एक कल दिसतो: 'व'पुढे इकार असेल तर व्ही, अकार किंवा आकार असेल तर बहुधा डब्ल्यू. वसई, वाशी आणि वर्सोवा तो कल मोडतात, म्हणून त्याला नियम म्हणता येत नाही. इंग्रजीत मात्र हे दोन स्वतंत्र आवाज आहेत. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. आपला 'व' या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. म्हणून 'इन्व्हिटेशन'मध्ये डब्ल्यू शिरतो आणि 'वेनस्डे'ला व्ही लागतो.

गंमत अशी की देवनागरीत लिहिताना मराठी माणसाने हा फरक केव्हाच सांभाळला आहे. व्हॅन, व्हिसा, ड्रायव्हर, सर्व्हिस यांत आपण 'व्ह' लिहितो; वॉर्ड, वॉचमन, वेटर यांत साधा 'व'. अडलात तर तो शब्द आधी मराठीत लिहून पाहा. 'व्ह' आला तर बहुधा व्ही. अपवाद व्हील आणि व्हाइटसारख्या शब्दांचा: तिथे डब्ल्यूनंतर एच असतो आणि आपण त्या एचसाठी 'व्ह' लिहितो. हिंदीत हे दोन आवाज लिहिताना सहसा वेगळे होत नाहीत. आपल्या लिपीतली ही सोय शाळेत कुणी दाखवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोसायटीच्या नोटिसांकडे वळू. 'मेन्टेनन्स'मध्ये 'मेन्टेन' पूर्ण लिहून पुढे शेपूट जोडण्याची चूक घरोघरी आहे. ते नाम जुन्या फ्रेंचमधून आयतं आलं, इंग्रजी क्रियापदापासून इथे तयार केलेलं नाही, म्हणून मधे 'ए-आय'ऐवजी नुसता 'ई' आहे. 'प्रोनन्सिएशन'चंही तसंच: क्रियापदातला 'ओ-यू' नामात येत नाही. पेइंग गेस्टच्या जाहिरातीतल्या 'अकॉमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम लागतात. या चुकांनी अर्थ बिघडत नाही. दुरुस्त कराव्यात, पण त्यावरून कुणाची शिकवण काढू नये.

अर्थ बिघडतो तिथे मात्र मी कडक आहे. गृहकर्जाच्या पत्रात 'प्रिन्सिपल'ला शेवटी 'एल-ई' लावलं की मुद्दलाच्या जागी तत्त्व येतं. मुद्दल आणि मुख्याध्यापक या दोघांच्या शेवटी 'ए-एल' असतो. 'दुकान बिल्डिंगच्या बॅकसाइडला आहे' हे मराठी वाक्यात खपतं, इंग्रजीत लिहिलं तर त्याचा पहिला अर्थ माणसाचं बूड. 'रिव्हर्ट' म्हणजे मूळ स्थितीला परत जाणं. भारतात तो उत्तर देणे या अर्थी रुळला आहे, पण परदेशातल्या ग्राहकाला 'प्लीज रिव्हर्ट' लिहिलं तर तो बदल रद्द करायला सांगितला असं समजू शकतो. तिथे साधं 'रिप्लाय' लिहावं.

'इंग्रजीत 26 अल्फाबेट आहेत' हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून ऐकलं की मी आवर्जून थांबवते. अल्फाबेट एकच, त्यात लेटर 26. मराठीत आपण अक्षर आणि वर्णमाला यांची गल्लत कधीच करत नाही. फळ्यावर 'क' काढून 'ही वर्णमाला' म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. म्हणजे भेद आपल्याला ठाऊक आहे, तो फक्त पलीकडे न्यायचा राहिला.

'इट्स'मधल्या अपॉस्ट्रॉफीची, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूला येणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाची, चूकही अशीच समजून घेता येते. रामाचा, सीतेचा हे इंग्रजीत लिहिताना ते चिन्ह लागतं, म्हणून 'त्याचा' लिहितानाही चिन्ह द्यावंसं वाटतं. पण 'हिज', 'हर्स', 'अवर्स' या सर्वनामांना ते नसतं, तसंच यालाही नाही. चिन्ह असेल तर ते 'इट इज' किंवा 'इट हॅज'चं लघुरूप. 'डिस्कस अबाउट'ही आपल्या 'बद्दल चर्चा करणे'मधून आलं आहे. 'डिस्कस'ला तो 'अबाउट' लागत नाही.

'स्टेशनरी'साठी 'ई-एन्व्हलप'ची युक्ती बहुतेकांना माहीत असते: कागद-पेनवाल्या शब्दात ई, स्थिर या अर्थाच्या शब्दात ए. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून वह्यांचे गठ्ठे आणणाऱ्यांना त्यामागची गोष्टही आवडेल. दोन्ही शब्द सख्खे आहेत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्टेशनेरियस' म्हणजे एका जागी दुकान मांडून बसणारा विक्रेता, फेरीवाल्याच्या उलट. असे विक्रेते बहुधा पुस्तकं विकत, आणि त्यावरून वस्तूंना नाव मिळालं. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला 1557 मध्ये राजसनद मिळाली.

जे चूक नाही त्याला चूक म्हणणंही मला तितकंच खटकतं. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात आहे, आणि 'पोस्टपोन'च्या उलट अर्थाने तो 1913 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका पत्रातही सुचवला गेला होता. मीटिंग अलीकडे घेण्यासाठी एवढा नेटका शब्द इंग्रजीत दुसरा नाही. 'कझिन ब्रदर'वर हसणाऱ्यांनी आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि चुलतभाऊ यांना इंग्रजीत आधी चार शब्द द्यावेत. आणि इंग्रजी स्वतः काही सोवळी नाही. 'डेट' या कर्जवाचक शब्दातला मुका 'बी' लॅटिनच्या प्रेमापोटी मागाहून घातलेला, तर 'आयलंड'मधला 'एस' वेगळ्याच मुळाच्या 'आइल' या शब्दाकडे बघून चिकटलेला. दोन्ही चुका आज शुद्ध गणल्या जातात.

एका शब्दाबाबत मात्र आपण इंग्रजांना शिकवू शकतो. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या 'मुंगूस'वरून गेला आहे. त्यातला 'गूस' पाहून अनेक इंग्रजी बोलणारे 'गीस'च्या धर्तीवर 'मंगीस' असं अनेकवचन करतात. बदकाच्या जातीच्या त्या पक्ष्याशी मुंगसाचा काही संबंध नाही. साधा 'एस' लावायचा: मंगूसेस.