शेतवस्तीच्या राखणीला .315 रायफल की बारा बोअर?

माळरान:
परवाना हातात पडला की बरेच जण थेट .315 घ्यायला निघतात. रायफलीत दम जास्त, एवढाच हिशेब. माझं मत उलट आहे. गावाबाहेरच्या घराला दोन नळ्यांची बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूकच बरी. .315 ची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळपास 16 ग्रॅम. पत्र्याची भिंत किंवा फळीचं दार भेदल्यावरही ती पलीकडच्या वस्तीवरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. बारा बोअरच्या एसजी काडतुसातले नऊ जाड छर्रेही पत्र्यातून जातात, पण गोल आणि हलके असल्याने लवकर मंदावतात. वस्तीवर शेजारी कुठल्या खोलीत झोपलाय हे अंधारात कुणाला दिसतं?

बोल्टवाला:
अर्धीच बाजू मांडलीत. दहा मीटरवर छर्ऱ्यांचा फैलाव वीत-सव्वा वीत असतो, तिथवर ठीक. तीस मीटरवर, म्हणजे अंगणापलीकडच्या गोठ्याशी, तो जवळपास मीटरभर होतो. नऊपैकी चार-पाच छर्रे माणसाला चुकवून जातात, आणि त्या प्रत्येकाचा जाब तुम्हालाच द्यायचाय. रायफलीची गोळी एकच, नेम धराल तिथेच जाते. शिवाय मॅगझिनमध्ये पाच. बारा बोअरच्या दोन संपल्या की थरथरत्या हातांनी नळी बिजागरीवर खाली वाकवून पुन्हा भरायची.

माळरान:
पाच आहेत खऱ्या, पण भरताना चुकलं तर एकही निघत नाही. .315 च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे बसली की बोल्ट (काडतूस आत सारणारा दांडा) ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून वरच्या काडतुसाची कड नेहमी खालच्याच्या पुढे हवी. हे दिवसाउजेडी डमी काडतुसांवर पन्नासदा केल्याशिवाय रात्री जमायचं नाही.

बोल्टवाला:
मान्य. पण दोन नळ्यांचेही धोके सांगा की. जुन्या, बाहेर घोडे असलेल्या बंदुकीत घोडा खाली टेकवून भरलेली ठेवली आणि ती पडली तर बार उडू शकतो. वडिलोपार्जित बंदुकीची चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बऱ्याचदा 65 मिमीची असते. तिच्यात 70 मिमीचं काडतूस बसतं, म्हणून लोक घालतात. उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. आधी गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या.

कोकणवाट:
दोघेही पावसाळा विसरलात. खडकीचं काडतूस असो की आणखी कुठलं, दमट कपाटात वर्षभर पडलं की भरवसा गेला. जुनी कागदी काडतुसं तर फुगून चेंबरमध्ये जातच नाहीत. काडतुसाला तेल लावायचं नाही. ते बुडाच्या टोपीत (प्रायमरमध्ये) झिरपतं आणि बार फुसका जातो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, दर पावसाळ्याआधी बदला. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

कायदेपंडित:
परदेशी व्हिडिओ बघून 9 मिमीची कार्बाइन मागणाऱ्यांसाठी: तो बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून पहिली निवड विचार करून करा. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाची. कलम 41 मध्ये रात्रीची घरफोडी येते, पण कलम 37 ची मर्यादा तिलाही लागू आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत, तर बोअर कुठलाही असो, बचाव टिकणं कठीण.

माळरान:
म्हणूनच म्हणतो, घरात शोधत फिरायचं नाही. दोन्ही शस्त्रं मीटरभर लांब. दारातून आधी नळी बाहेर जाते आणि समोरचा तीच धरतो. सगळ्यांना आतल्या एका खोलीत घ्या, कडी लावा, 112 ला फोन करा, दारामागे कोपऱ्यात बसा. एवढ्या अंतराला बारा बोअर पुरते.

बोल्टवाला:
त्या खोलीच्या भिंती विटांच्या असतील तर. पत्र्याच्या असतील तर आधी भिंतींवर खर्च करा, बंदूक नंतर. मात्र ज्याचं अंगण मोठं आणि चहूबाजूंनी मोकळं रान, त्याला मी आजही .315 च सांगेन.